आधी एक कोरी प्रिंट

अप्पा,

शनिवारी दुपारी तीन माणसं दुकानात येणार आहेत, आणि त्यांना फोटो सुधारायला कोणतं सॉफ्टवेअर द्यायचं हे मला तोवर ठरवायचं आहे. हे वाक्य तुम्हाला अर्धंच कळेल. आता निगेटिव्ह नसते. फोटो कॅमेऱ्यातून थेट कॉम्प्युटरमध्ये जातो, आणि तुमचं रिटचिंगचं डेस्क, सुईसारख्या टोकदार पेन्सिली, कापूस, कुंचले, ब्लेड, हे सगळं एका चकचकीत तबकडीत भरून येतं. तबकडी कॉम्प्युटरला दिली की पडद्याच्या कडेला हत्यारं ओळीनं उभी राहतात. त्या हत्यारपेटीला सॉफ्टवेअर म्हणायचं. अशा तीन तबकड्या मी सकाळपासून काउंटरवर मांडून ठेवल्या आहेत. अकराला लाइट गेली, ती चारला येईल. तोवर कॉम्प्युटर म्हणजे नुसता डबा. म्हणून हातानं लिहीत बसले आहे. मधेच उठते, शोकेसची काच पुसते, परत बसते. ही काच आज तिसऱ्यांदा पुसली.

तुमच्यानंतर दुकान मीच चालवते. घाटनांदूरच्या स्टेशन रस्त्यावर अजून आपलीच पाटी आहे, फक्त पाटीखाली दोन वर्षं एसटीडी बूथ होता, तो मोबाइल आल्यावर गेला, आणि त्या जागी आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. काळा-पांढरा रोल कुणी मागत नाही. डार्करूमच्या लाल दिव्याच्या जागी ट्यूबलाइट आहे आणि तुमच्या ट्रे ठेवायच्या ओट्यावर कॉम्प्युटर. लग्नं, पासपोर्ट, मतदार ओळखपत्रं यावर भागतं. पण गेल्या दोन वर्षांत एक नवीनच गिऱ्हाईक आलं, ज्याला माणसांचे फोटो नको असतात.

तिघंच आहेत. एक झेडपीच्या शाळेतले भूगोलाचे सर, जे बोलताना प्रत्येक वाक्याला कारण जोडतात. एक खताचे दुकानदार, ज्यांचा कॅमेरा सगळ्यात महाग आणि हात सगळ्यात हलतो. आणि एक एसटीतले कंडक्टर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. पुढच्या वर्षी ते निवृत्त होतील. तिघं तलावावर, माळावर हिंडतात आणि पाखरांचे फोटो काढतात. कुणी शिकवलेलं नाही, कुणी मागितलेलं नाही. पाखरू लांब असतं, फोटोत हरभऱ्याएवढं येतं, अर्धं अंधारात असतं, अर्धं बाभळीमागं. मग ते माझ्याकडे येतात. "ताई, ह्याला जरा उजेडात आणा." मी आणायचे. शेवटी मीच म्हटलं, प्रत्येक वेळी माझ्याकडे कशाला येता, सोपं एखादं सॉफ्टवेअर घ्या, मी शिकवते. आणि सोपं कोणतं, हेही मीच ठरवलं.

मी निवडलं ते खतवाल्यांच्या कॅमेऱ्याच्या खोक्यात आलेलं. त्यात बटणं मोठी होती, चित्रांची होती. एक बटण दाबलं की उजेड, एक दाबलं की पाखराच्या आजूबाजूचं जास्तीचं रान कापून टाकायचं, आणि एक कुंचला होता. हा कुंचला तुम्हाला आवडला असता आणि तुम्हाला त्याची भीतीही वाटली असती. फोटोतलं इथलं गवत उचलायचं आणि तिथल्या तारेवर थापायचं. तार नाहीशी. इंग्रजी येत नसलं तरी चालतं. तिघंही पहिल्याच शनिवारी शिकले. मी खूश होते. एक गोष्ट मात्र मी घोकवून घेतली होती. लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा दर पाच मिनिटांनी सेव्ह करा, म्हणजे केलेलं जपून ठेवा. पडद्यावर इंग्रजीत एक प्रश्न येईल, तो वाचत बसू नका, यस म्हणा. आपली माणसं कचेरीत, बँकेत, दवाखान्यात अशीच वागतात, अप्पा. न कळणाऱ्या प्रश्नाला हो म्हटलं की काम पुढं सरकतं. त्यांना हे शिकवायची गरजही नव्हती.

तो प्रश्न काय होता, ते मी नीट वाचलं नव्हतं असं म्हणणार नाही. वाचलं होतं. आधीचा फोटो पुसून त्याच्या जागी हा नवा ठेवू का, असं ते विचारत होतं.

महिन्यापूर्वी, ऐन थंडीत, मामांना आष्टीची मुक्कामी गाडी होती. मांजरसुंब्याला चहा घेऊन गाडी पुढं निघते, संध्याकाळी आष्टीला पोचते आणि सकाळी परत फिरते. मामा गाडी सुटायच्या आधी पहाटे उठून माळावर जातात. तिथं त्यांना माळढोक दिसला. तुम्ही मला सांगायचात की तुमच्या लहानपणी त्या भागात बैलगाडीतून जाताना माळढोक दिसायचे, माणूस उभा असावा तसे. मी ते गोष्टीतलंच समजत होते. मामांनी फोटो काढला. एकच. पाखरू दूर गवतात उभं, मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी, आणि पाखराच्या नि मामांच्या मधे बाभळीची एक फांदी. त्या दिवशी ते गाडीतून उतरून सरळ दुकानात आले, अंगावर खाकी, खांद्याला तिकिटांची बॅग. मी कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर तो फोटो पाहिला. टोपी होती. मी पाहिली. हे लिहून ठेवते, कारण मामा आणि माझ्याशिवाय तो कोरा, हात न लावलेला फोटो कुणीच पाहिलेला नाही.

मामांनी फोटो कॉम्प्युटरवर घेतला. मी बाहेर एका बाळाचे फोटो काढत होते. फांदी त्यांना खटकत होती, म्हणून त्यांनी कुंचला घेतला. शेजारचं गवत उचललं, फांदीवर थापलं. सेव्ह. परत उचललं, परत थापलं. सेव्ह. फांदी गेली आणि तिच्याबरोबर टोपीही गेली. मोठा करून पाहताना ते त्यांच्या लक्षात आलं नाही, कारण त्यांच्या डोळ्यांत अजून पहाटेचं पाखरू होतं. कॅमेऱ्याचं कार्ड एकच, छोटं, तेही त्यांनी तिथल्या तिथं रिकामं केलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्यूटी होती म्हणून. मी आत आले तेव्हा ते हसत होते. "ताई, फांदी काढली बगा. लई साफ आलाय." मी लांबूनच म्हटलं, छान.

सरांनी अंबाजोगाईच्या सायबर कॅफेतून तो फोटो पुण्यातल्या, पाखरांची नोंद ठेवणाऱ्या एका जाणकारांना पाठवला. आठ दिवसांनी उत्तर आलं. सरांनी त्याचा छापील कागद आणला आणि दुकानात वाचून दाखवला. पक्षी निश्चित सांगता येत नाही, डोक्याचा भाग पुसट आहे, लांडोर असण्याची शक्यता आहे, कृपया मूळ फोटो पाठवावा.

"मूळ म्हंजी?" मामांनी विचारलं.

"मूळ म्हणजे हात लावायच्या आधीचा," सर म्हणाले. "कारण हात लावलेला पुरावा धरत नाहीत."

खतवाले पडद्याजवळ वाकून बघत होते. "मामा, तुमचा माळढोक टकला कसा काय झाला? तिरुपतीला जाऊन आला का काय?"

"चेष्टा करू नका, शेट."

"चेष्टा कशाची. आष्टीच्या माळावर लांडोरी मोप हायत. पहाटंचा गारठा, डोळ्यात झोप. एखाद्याला हत्तीबी दिसंल."

"म्या सवताच्या डोळ्यानं बगितलाय," मामा म्हणाले. "बत्तीस वर्षं मान्सं मोजतोय म्या गाडीत. अर्धं तिकीट कोन आन् पुरं कोन, ते तोंड बगून सांगतो. मला लांडोर कळत न्हाई व्हय?"

मग मामा माझ्याकडे वळले. "ताई, माजाच हात जड पडला. मीच बिघडवलं." अप्पा, मला म्हणता आलं असतं की हत्यार मी दिलं, आणि यस म्हणायला मी शिकवलं. मी चहा सांगते म्हणून बाहेर गेले. तेव्हापासून मामा दोन शनिवार आले नाहीत. खतवाले स्टँडवर भेटतात आणि "कंडक्टरची लांडोर" म्हणून हसतात, तेव्हा आजूबाजूचे ड्रायव्हरही हसतात. परवा मी स्वतः ऐकलं. मामांनी तिकिटाचं मशीन काखेत घट्ट धरलं आणि गाडीत चढले. कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला नव्हती.

त्या क्षणी मला तुमचं डेस्क दिसलं. तिरकी लाकडी फळी, मधे घासलेली काच, खाली आरसा, आरशात खिडकीतला उजेड. मी चौदा वर्षांची आहे. दसरा झाला आहे आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या बैलगाड्या रस्त्यानं निघाल्या आहेत. एक बाई आपल्या मुलीला घेऊन दुकानात येते. मुलगी माझ्याच वयाची. डाव्या गालावर भाजल्याचा पांढुरका डाग, भुईमुगाच्या शेंगेएवढा. तुम्ही काळ्या कापडाखालून डोकं बाहेर काढता आणि हळूच म्हणता, "पोरी, थोडी उजवीकडं बघ, म्हणजे तो गाल मागं जाईल." ती म्हणते, "असू द्या की, काका." आणि सरळ बघते. मी तिथंच आहे, उजेड पाडायला पांढरा पुठ्ठा धरून उभी. मी ते ऐकलं आहे. प्रिंट ऊसतोडीहून परतल्यावर न्यायची ठरते, आणि मायलेकी गाडीमागं चालत निघून जातात.

निगेटिव्हवर सगळं उलटं. तिथं गालावरचा पांढरा डाग काळा दिसतो. चेहऱ्यावर काळं असेल तर निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायची, आणि पेन्सिल चुकली तर कापसानं पुसता येते. पण पांढरं घालवायचं तर ब्लेडनं खरवडावं लागतं. ब्लेडला तुम्ही मला हात लावू देत नव्हता. तुम्ही लातूरला कागद आणायला गेलात त्या दिवशी मी लावला. श्वास धरून, जरा जरा करत, पूर्ण दुपार. इतकं बेमालूम झालं की डाग कुठं होता ते मलाही सापडेना. तुम्ही घाईत होतात, तशीच प्रिंट काढून पाकिटात घातलीत.

उन्हाळ्यात बाई एकटीच आली. मुलगी तिकडं उसाच्या फडातच तापानं गेली होती. तिनं पाकीट उघडलं, बराच वेळ बघितलं आणि काउंटरवर ठेवलं. "ही माजी न्हाई," ती म्हणाली. तुम्ही पाकिटावरचा नंबर परत पाहिलात. लुगडं तेच, गळ्यातला काळा दोरा तोच. "बाई, हीच," तुम्ही म्हणालात. ती म्हणाली, "मंग डाग कुटं गेला?" तुम्ही निगेटिव्ह काढून खिडकीला धरलीत आणि एकदा माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं आता माझं नाव घेणार. तुम्ही म्हणालात, "माझ्या हातून झालं, बाई." मग तिला आत बोलावलंत, डेस्कपाशी स्टुलावर बसवलंत, आणि बारीक कुंचला घेतलात. आयुष्यभर तुम्ही लोकांचे डाग पुसलेत, मेलेल्यांच्या फोटोवर उघडे डोळे काढून दिलेत. त्या दिवशी तुम्ही एका पोरीच्या गालावर डाग काढत होतात आणि तिची आई सांगत होती. "जरा खाली. कानाकडं न्हाई, व्हटाकडं. एवडा रुंद न्हवता. हितं बारीक व्हता, शेंगंला कंबर असती तसा." तिचं बोट कागदाला न टेकता वर फिरत होतं. तुम्ही चार वेळा पुसलंत, पाचव्यांदा ती बोलायची थांबली. फोटो पदरात घेतला आणि म्हणाली, "आता हाय."

ती गेल्यावर तुम्ही मला मारलं नाहीत. एवढंच विचारलंत, "तिला विचारलं होतंस का?" आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात नियम झाला, आधी एक कोरी. कुठल्याही निगेटिव्हला पेन्सिल लावायच्या आधी एक कोरी प्रिंट, आहे तशी, आणि ती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. गिऱ्हाईकं म्हणायची, कागद कशाला वाया घालवता. तुम्ही हसायचात. ते डबे अजून माळ्यावर आहेत. पूर्ण गाव त्यात बसलेलं आहे, देवीच्या वणांसकट, तिरळ्या डोळ्यांसकट. तुम्ही गेल्यावरही किती वर्षं मी कोरी काढत होते. मग कॉम्प्युटर आला, आणि मला वाटलं, यात काय खराब होणार, यात तर ब्लेड नाही.

म्हणून या तीन तबकड्या. पहिली तीच, सोपी, यस विचारणारी. दुसरी लग्नाचे अल्बम करणाऱ्या पोरांकडची, बीडहून कुणीतरी कॉपी करून आणलेली. त्यात नसेल ते हत्यार नाही. नवरा-नवरी चंद्रावर बसवता येतात. पण नव्यानं शिकणाऱ्या माणसाला त्यात शिरायला दार सापडत नाही, आणि आमच्या कॉम्प्युटरला ते उघडतानाच धाप लागते. सरांना ते हवं आहे, कारण मोठं आहे. तिसरी सायबर कॅफेतून फुकट उतरवून आणलेली. दिसायला साधी, कुंचला जवळजवळ नाहीच. उजेड वाढवता येतो, तिरका फोटो सरळ करता येतो, कापता येतो. पण तिची एक रीत आहे. ती मूळ फोटोला हात लावत नाही. केलेले बदल वेगळ्या कागदावर लिहावेत तसे बाजूला ठेवते आणि आपल्याला फक्त दाखवते. काल काम चालू असताना मी मुद्दाम कॉम्प्युटरचं बटण बंद केलं, लाइट जाते तसं. परत लावलं तर उजेड-बिजेड सगळं गेलेलं, फोटो मात्र होता तसा. बाजूला कोरी ठेवून मगच कामाला बसणारं ते सॉफ्टवेअर आहे. खतवाले कुरकुर करणार, "ह्यात तार पुसता येत न्हाई, मंग उपेग काय?" करू देत. पाखरू तारेवर बसलं होतं तर तार असू दे.

तेव्हा तसं बघितलं तर ठरलं आहे. तिसरी तबकडी. मग मी अजून का उठते-बसते आहे, ते सांगते.

परवा स्टँडवर, ते हसणं सुरू व्हायच्या आधी, मामा हळूच म्हणाले होते, "ताई, तुमचे अप्पा मेलेल्याचं डोळं उगडायचे म्हनं. माज्या पाखराला टोपी द्या की. व्हती ती. खोटं न्हाई ते." आणि काल लाइट असताना मी लग्नवाल्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून ती दिली. मागं तुरा, पुढं चोचीपर्यंत काळी रेघ, आठवेल तशी. दोन तास लागले. तो फोटो आता पुण्याला पाठवला तर कदाचित मान्यही होईल. मामांची मान वर होईल. पाखरू खरं, टोपी खरी, मी पाहिली आहे. फक्त फोटो खोटा. रात्रभर नाही, पण आज सकाळपासून मी हेच उलटंपालटं करते आहे. तुम्हीही डाग रंगवला होतात. मग थांबले, कारण तुम्ही तो तिच्यासमोर रंगवलात, ती सांगत असताना, आधी कबूल करून. आणि तो तिच्या घरी गेला, पुरावा म्हणून कुठं गेला नाही. मी दार लावून रंगवला.

शनिवारी मी मामांना निरोप धाडून बोलावलं आहे. तिघांसमोर सांगणार आहे की तो प्रश्न मी वाचला होता आणि तरी यस म्हणायला शिकवलं. खतवाल्यांकडे बघून सांगणार आहे की टोपी मी डोळ्यांनी पाहिली. पुण्याच्या जाणकारांनाही तसंच लिहीन, फोटोशिवाय. मानतील, न मानतील. मग मामांना स्टुलावर बसवून टोपी त्यांच्यासमोर परत काढीन, ते सांगतील तशी, त्यांच्या घरच्या भिंतीपुरती, आणि खाली लिहीन की रंगवलेली आहे. आणि तिघांना म्हणेन, बाबांनो, यापुढं आधी एक कोरी.

चार वाजले. पंखा फिरायला लागला, कॉम्प्युटर चालू होतो आहे. हा कागद घडी करून मी त्या पत्र्याच्या डब्यात, कोऱ्या प्रिंटांच्या खाली ठेवीन. तुमच्याकडे पोचवायला दुसरी जागा मला माहीत नाही.

एक राहिलं. काल टोपी रंगवून झाल्यावर मी खुर्ची मागं सरकवून दाराकडे पाहिलं. तुम्ही येऊन बघावं म्हणून. आणि चौदाव्या वर्षी, ती बाई स्टुलावर बसून तुम्हाला डाग सांगत असताना, मी दारामागं उभी राहून रडत होते हे तुम्हाला दिसलं होतं. तुम्हाला वाटलं असेल, पोरीला पश्चात्ताप झाला. तो नंतर झाला. तेव्हा मला एवढंच वाटत होतं की तुम्ही एकदा तरी म्हणावं, खरवडलंस मात्र सफाईनं.